पिटुकले सोबती : दोन वर्षांचा पाहुणा

यंदा या सदरासाठी आलेल्या एका प्रश्नावरून संपादक मंडळात चक्क दोन तट पडले. प्रश्न विचारणारे वाचक तुआसच्या एका औषध कारखान्यात पाळीने काम करतात आणि जुराँग वेस्टला भाड्याच्या घरात राहतात. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला उंदरांची जोडी पाळायची आहे. हॅमस्टर नको, गिनीपिग नको, उंदीरच हवेत. "आणावी का? आणि आणली तर सांभाळायची कशी?" एवढाच प्रश्न. मंडळातल्या एका ताईंचं म्हणणं पडलं की ऐन दिवाळीत घरोघरी जाणाऱ्या अंकात उंदीर नको. दुसऱ्या म्हणाल्या, "गणपतीत पाटावर बसतो तो चालतो ना?" दुसऱ्या ताईंची सरशी झाली, म्हणून हे पान.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत माऊसही उंदीर आणि रॅटही उंदीर. घूस वेगळी, चिचुंद्री वेगळी (ती तर उंदराच्या कुळातलीही नव्हे), पण इथे ज्या दोघांत फरक करायला हवा त्यांना आपण एकच नाव देऊन मोकळे झालो. पाळायचा तो माऊस. वीस ते चाळीस ग्रॅमचा, म्हणजे साधारण एका लिंबाएवढ्या वजनाचा. गटारातून आणि गोदामातून पळतो तो रॅट त्याच्या दहापट तरी भरतो. त्यातून पिंजरा हा शब्दही आपल्याकडे दोन्ही कामांना एकच. मुलगी फोनवर आजीला "आम्ही उंदरासाठी पिंजरा आणला" म्हणाली, तर आजी म्हणणार, "बरं केलंत, आत भजी ठेवा."

आजीची चूक नाही. मराठी माणसाच्या मनातली उंदराची भीती नुसत्या किळसेतून आलेली नाही. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले, पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलो, आणि १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की रोग येतो तो रॅटच्या अंगावरच्या पिसवांमार्फत. मुंबई महापालिकेकडे रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारायला निघणारे कामगार आजच्या काळातही आहेत. आणि त्याच मुंबईत सिद्धिविनायकाला गेलेली माणसं चांदीच्या मूषकाच्या एका कानावर हात ठेवून दुसऱ्या कानात मनातलं मागणं सांगतात. हे दोन्ही एकाच शहरात सुखाने नांदतं. पाळीव माऊस मात्र यातला कुणीच नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात जन्मलेला, बाहेर सोडला तर एक आठवडाही न टिकणारा प्राणी आहे.

हा छंदही आजकालचा नाही. जपानात १७८७ साली रंगीबेरंगी उंदीर कसे पैदा करावेत यावर पुस्तक निघालं होतं. इंग्लंडमध्ये १८९५ साली शौकिनांचा राष्ट्रीय माऊस क्लब स्थापन झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाई शौकिनांसाठी उंदीर वाढवत असत. प्रयोगशाळाही त्यांच्याकडूनच उंदीर घेऊ लागल्या. त्यांच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून पुढे जी जात तयार झाली, ती आज जगभरच्या संशोधनात सर्वाधिक वापरली जाणाऱ्या जातींपैकी आहे. तुआसच्या बायोमेडिकल पार्कमध्ये तयार होणाऱ्या औषधांच्या इतिहासात मागे मागे गेलं तर कुठे ना कुठे या बाईंच्या उंदरांचे वंशज भेटतील. प्रश्न विचारणाऱ्या बाबांना हे सांगून ठेवतो. रात्रपाळीत गप्पांना विषय होईल.

आता कायदा. इथे घरी पाळायला परवानगी असलेल्या लहान सस्तन प्राण्यांची यादी मोजकी आहे: ससा, गिनीपिग, हॅमस्टर, जर्बिल, चिंचिला आणि माऊस. हेजहॉग नाही, शुगर ग्लायडर नाही, मित्राने जोहोरहून आणून दिला तरी नाही. तुआसची चौकी ओलांडून कुठलाही प्राणी खिशातून आणायचा विचारही करू नका. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे कुणी सोडून दिलेला दत्तक घ्या. एचडीबीच्या घरात १ सप्टेंबर २०२४ पासून मांजरीलाही रीतसर मुभा मिळाली आहे. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी हे पान इथेच उलटलं तरी चालेल. भाड्याने राहणाऱ्यांनी मालकाला आधी विचारावं आणि त्याचा होकार लेखी घ्यावा. तोंडी "ओके लाह" घर सोडताना, अनामत परत मागायच्या वेळी कामाला येत नाही.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न येतो, तो वेळेचा. पाळीव माऊस साधारण दीड ते अडीच वर्षं जगतो, बहुतेक दोनच्या आसपास. आपल्यापैकी अनेकांचा पहिला एम्प्लॉयमेंट पासही जास्तीत जास्त दोन वर्षांचाच असतो. कुत्रा आणला तर बारा-पंधरा वर्षांचा शब्द द्यावा लागतो आणि दोन वर्षांच्या पासावर तो देणं अवघड. माऊसच्या बाबतीत हिशेब मांडता येतो. मला विचाराल तर, इथे पासावर आलेल्या कुटुंबाला शेवटपर्यंत निभावता येईल असा हा एक प्राणी आहे. अट एकच, शेवटपर्यंत. घरी जायची वेळ आली म्हणून खोकं उद्यानात ठेवून येणं हा इथे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दहा हजार डॉलरपर्यंत दंड, बारा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि भारतात परतताना त्याला सोबत नेता येईल असं धरून चालूच नका. तेव्हा पास संपायला आठ महिने उरले असतील तर मुलीला आज "नाही" म्हणा. तिला वाईट वाटेल. आठ महिन्यांनी वाटेल त्यापेक्षा कमी वाटेल.

वेळ पुरेसा असेल तर पुढे वाचा.

जोडी म्हणजे दोन माद्या. नर-मादीची जोडी आणली तर तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्लं होतात, कधी बारा. विणीनंतर दिवसभरात मादीला पुन्हा गर्भ राहू शकतो आणि पिल्लं दीड महिन्याची झाली की तीही वयात येतात. पुढचं गणित मुलीकडून करून घ्या, चांगला सराव होईल. दोन नर वयात आले की एकमेकांना फाडून काढतात आणि नराच्या मूत्राला वासही फार उग्र. त्या वासामागची एक गंमत सांगतो. नराच्या मूत्रातलं एक प्रथिन मादीला त्या नराकडे ओढतं असं लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांना २०१० साली आढळलं, आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं डार्सिन, जेन ऑस्टिनच्या कादंबरीतल्या मिस्टर डार्सीवरून. असो. दुकानदार "दोन्ही माद्याच आहेत" म्हणाला तरी स्वतः बघून घ्या. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतलं अंतर नरात जवळजवळ दुप्पट असतं, दोन उंदीर शेजारी धरले की फरक कळतो. एकटी मादी ठेवू नका. माऊस कळपातला जीव आहे. हॅमस्टरचं नेमकं उलट, तो एकटाच बरा. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात म्हणून लोक दोघांना एकच नियम लावतात आणि मग हॅमस्टरची जोडी एकमेकांना चावून मरते.

घर मोठं हवं. दोघींसाठी किमान दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद. गजांचा पिंजरा असेल तर दोन गजांतलं अंतर सहा-सात मिलिमीटरच्या वर नको. जिथून डोकं जातं तिथून अख्खा माऊस जातो. चाक घ्याल ते जाळीचं नको, सलग पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं हवं, म्हणजे शेपटी-पाय अडकत नाहीत, आणि एवढं मोठं की धावताना पाठ वाकायला नको. रात्री ते कुरकुरायला लागलं की आसाला स्वयंपाकाच्या तेलाचा एक थेंब. खाली कागदाचा भुसा पसरा. पाइन किंवा देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा स्वस्त मिळतो, पण त्यातले वायू श्वासाला वाईट, आणि माऊसचा सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे त्याची फुफ्फुसं. बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून द्या. त्याचं घरटं बांधायला दोघी जे काही करतात ते कुठल्याही मालिकेपेक्षा बघण्यासारखं असतं. नीट गोल, वरून झाकलेलं घरटं दिसलं की समजावं, स्वारी मजेत आहे. ज्या दिवशी कागद तसाच पडून राहील त्या दिवशी जवळून बघा.

सिंगापूरच्या हवेबद्दल एक गोष्ट मलाही वाचून नवी वाटली होती. माऊसला अंगातली ऊब टिकवायला वेगळे कष्ट पडत नाहीत असं तापमान एकोणतीस ते एकतीस अंशांच्या आसपासचं असतं. म्हणजे आपण पंखा वाढवतो तेव्हा तो सुखात असतो आणि आपण एसी बावीसवर लावून पांघरूण घेतो तेव्हा त्याला थंडी वाजते. म्हणून एसीच्या खोलीत ठेवणार असाल तर घरट्याचं सामान सढळ हाताने द्या आणि झोत अंगावर येऊ देऊ नका. पण एकतिसाच्या वर फार जागा उरत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन, सर्व्हिस यार्डमध्ये सुकवणी यंत्राशेजारची जागा, काचेच्या टाकीवर बसवलेलं घट्ट झाकण, यातलं काहीही तासाभरात जीव घेऊ शकतं. बैठकीच्या खोलीत, सावलीत, टीव्हीपासून लांब, एक फरशीचा तुकडा आत ठेवून, हे उत्तम. उंदीर पळवायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र घरात लावलेलं असेल तर काढून टाका. आपल्याला ते ऐकू येत नाही, त्यांना येतं. त्यांच्या बऱ्याच गप्पाही त्याच पट्टीत चालतात.

दमट हवेचा त्रास होतो तो खाण्याला. तयार गोळीखाद्य घ्या, पण मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका; दोघींना मिळून दिवसाला आठ-दहा ग्रॅम पुरतं, आणि उघडी पिशवी इथे महिनाभरात बुरसते. हवाबंद डब्यात ठेवा. जोडीला आपल्या घरातलं चिमूटभर: बाजरीचे दाणे, ज्वारी, ओट्स, मोड आलेले मूग, काकडीची चकती, गाजर. शेंगदाणा फार आवडतो, म्हणून आठवड्यातून एखादा, तोही खवट किंवा बुरशी लागलेला नको. कांदा, लसूण, चॉकलेट, कच्चा राजमा नाही. आणि सध्या घरात डबे भरलेले आहेत म्हणून सांगतो, फराळ नाही. चकली-शेवेतलं मीठ-तिखट, लाडवातली साखर आणि तूप पंचवीस ग्रॅमच्या देहाला किती होईल याचा हिशेब करा. चित्रात गणपतीच्या पायाशी मूषक मोदक खातो, तो देवाचा मूषक. आपल्याकडच्याला ओल्या खोबऱ्याचा तांदळाच्या दाण्याएवढा कीस दिला तरी सण झाला. माऊसला उलटी होत नाही, शरीराची रचनाच तशी आहे. चुकीचं पोटात गेलं की ते बाहेर काढायला वाट नसते.

अन्न आलं की मुंग्या आल्या. आपल्या आज्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, तीच युक्ती इथल्या विसाव्या मजल्यावरही चालते. पिंजरा छोट्या टेबलावर आणि टेबलाचे चार पाय चार वाट्यांत. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची पैदास केल्याबद्दल वेगळा दंड भराल. मुंगी मारायची पावडर किंवा फवारा पिंजऱ्याच्या आसपास अजिबात नको. इमारतीत डासांसाठी धुरळणीची सूचना लागली की खिडक्या बंद. धूप, कापूर, उदबत्ती देवघरात लावा पण पिंजरा त्या खोलीत नको. भाऊबीजेपर्यंत तरी हे लक्षात ठेवा. सुमात्राकडून धूर येतो त्या दिवसांत, २०१३ च्या जूनमध्ये प्रदूषणाचा निर्देशांक ४०१ पर्यंत गेला होता तसा प्रसंग आलाच तर, हवा शुद्ध करणारं यंत्र मुलांच्या खोलीत असतंच, पिंजराही त्याच खोलीत हलवा.

साफसफाई रोज थोडी, आठवड्यातून एकदा पूर्ण. मात्र पूर्ण म्हणजे सगळंच धुऊन पुसून लख्ख नव्हे, हे आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेला जड जातं. घरट्याचा कोरडा, स्वच्छ भाग तसाच परत ठेवायचा. त्यांच्या घराची पाटी वासाने लिहिलेली असते. ती पुसली की दोघी परक्या घरात आल्यासारख्या बिथरतात आणि मग दुप्पट मुतून ठेवतात.

हाताळण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मुलं चुकतात ती इथे, आणि त्यांना चुकीचं शिकवतो आपणच. शेपटीला धरून उचलायचं नाही. प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं तसंच उचलत असत. २०१० साली, वर सांगितलेल्या लिव्हरपूलच्याच जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीने उचललेले उंदीर माणसाला टाळू लागतात आणि जास्त भेदरलेले राहतात. नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले मात्र आपण होऊन हाताजवळ येतात. तेव्हा स्वयंपाकघरातल्या टिश्यूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी पिंजऱ्यात कायम ठेवा. मुलीने नळी पुढे धरायची, माऊस आत शिरेपर्यंत थांबायचं, दोन्ही तोंडांवर हात ठेवून अलगद उचलायचं. पहिले चार दिवस तेवढंही नको. नुसता हात आत ठेवून बसायचं, वर एक बाजरीचा दाणा. आठ वर्षांच्या मुलीला दहा मिनिटं स्वस्थ बसवणारी फार साधनं आपल्याकडे नाहीत. हे त्यातलं एक आहे. खेळ जमिनीवर बसूनच, कारण उभ्या माणसाच्या हातातून पडलेला माऊस वाचेलच असं नाही. वेळ संध्याकाळची. दिवसभर त्या झोपतात आणि सात वाजता इथे अंधार पडू लागला की जाग्या होतात. जुराँगकडे परतणारा बाप तुआस लिंकला गाडीत चढतो तेव्हा यांची सकाळ होत असते, एका अर्थाने सोयीचंच.

हात आधी आणि नंतर साबणाने धुवायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने पिंजऱ्याला हात लावू नये, आणि खरं तर त्या काळात नवीन माऊस आणूच नये. एक विषाणू आहे, मोठ्यांना फारसा जाणवत नाही पण पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी आधी ओळखीच्या घरी जाऊन तासभर बसून पाहावं. गोदामात किंवा कारखान्यात जिथे रानटी उंदरांचा वावर असतो, विष ठेवलेलं असतं, तिथे काम करणाऱ्यांनी घरी आल्यावर कपडे बदलून, हातपाय धुऊनच पिंजऱ्याकडे जावं. हा नियम उंदरांच्याही भल्याचा आहे.

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घ्या (वेगळा, नाहीतर आजी जेवणार नाहीत) आणि दर रविवारी दोघींचं वजन वहीत लिहा. शिकार होणारा प्राणी आजार लपवतो; डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, काट्याला आधी कळतं. दोन-तीन ग्रॅम कमी म्हणजे त्याच्या अंगाचा दहावा हिस्सा. अंग फुगवून, पाठीला कुबड काढून बसणं, अर्धवट मिटलेले डोळे, आणि श्वासाबरोबर टिकटिक किंवा करकर असा आवाज, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर, रविवारची वाट बघायची नाही. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर उंदीर बघत नाहीत. बघणारा कोण ते आणण्याआधी शोधून ठेवा. एका तपासणीला उंदराच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे पडतील हेही आधीच मान्य करून ठेवा. "दहा डॉलरच्या उंदरासाठी कशाला" हे वाक्य मुलीसमोर एकदाही यायला नको. ती ते जन्मभर लक्षात ठेवेल.

माद्यांना दीड वर्षाच्या पुढे काखेत किंवा पोटाखाली गाठी येतात, फार जणींना येतात. शस्त्रक्रिया होते, पण इतक्या लहान जिवाला भूल देणं हाच मोठा धोका असतो. बहुतेक वेळा प्रश्न उरतो तो, ती खाते-पिते, चढते-उतरते आहे तोवर थांबायचं आणि थांबलं की डॉक्टरांकडून शांतपणे झोपवून घ्यायचं, एवढाच. हा निर्णय आई-वडिलांनी घ्यावा, पण मुलीला सांगून. ती शाळेत असताना गुपचूप उरकू नये. "पळून गेली" सांगू नये, आणि तशीच दिसणारी दुसरी आणून ठेवू नये. मुलांना कळतं. मागच्या पायावरचा एक करडा ठिपका त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतो.

मग देहाचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही पण वेळ येतेच. आपल्या गावी परसात खड्डा खणून वर तुळशीचं रोप लावलं असतं. इथे इमारतीखालची हिरवळ आपली नाही, तिथे खणता येत नाही. लहान प्राण्यांचं दहन करून देणाऱ्या खासगी सेवा आहेत, स्वतंत्र दहन केलं तर रक्षाही देतात. ज्यांना तो खर्च नको ते देह कागदात गुंडाळून, दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात देतात. त्यात अनादर आहे असं वाटत असेल तर हेही सांगतो: या बेटावर कचरा जाळणारे चार मोठे प्रकल्प आहेत, त्यांतले तीन तुआसमध्ये. तुआस साउथचा २००० साली सुरू झाला, दिवसाला तीन हजार टन जाळतो. उरलेली राख तुआसच्याच धक्क्यावरून बार्जमध्ये भरून सेमाकाऊ बेटावर जाते, जिथे १९९९ पासून ती समुद्रात बांध घालून केलेल्या खणांत भरली जाते आणि वर हिरवळ उगवते. दर आठवड्याला पिंजऱ्यातून निघणारा कागदाचा भुसाही दोन वर्षं याच वाटेने गेलेला असतो. तुआसला कामाला जाणाऱ्या बापाला त्या चिमण्या रोज दिसत असतील. मुलीने विचारलं तर तिला हे खरं खरं सांगता येतं, आणि आठ वर्षांच्या मुलांना गोष्टीपेक्षा खरा पत्ता बरा वाटतो असा माझा अनुभव आहे.

राहता राहिली मागे उरलेली. दोघी क्वचितच एकाच वेळी जातात. एकटीला करमत नाही, खाणं कमी होतं. मग कुणीतरी सुचवतं की तिच्या सोबतीला एक छोटी आणा. आणता येते. आधी काही दिवस दोन पिंजरे शेजारी ठेवायचे, मग दोघींनाही नवख्या अशा जागेत गाठ घालून द्यायची; म्हातारी मादी पिल्लाला सहसा लवकर जवळ करते. पण त्या छोटीची दोन वर्षं त्या दिवसापासून नव्याने सुरू होतात, आणि ती मागे उरली की पुन्हा तोच प्रश्न. तेव्हा पासावरची तारीख बघून ठरवा. वर्षाहून कमी उरलं असेल तर नवी आणू नका. म्हातारीला संध्याकाळचा अर्धा तास जास्त द्या, टिश्यूच्या पट्ट्या जास्त द्या, आणि अचानक निघावं लागलं तर तिला ठेवून घेईल अशा एका घराला आत्ताच विचारून ठेवा. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारायला काहीच हरकत नाही. फक्त संदेशात "पाळीव माऊस" असं लिहा. "घरात एक उंदीर आहे, कुणी नेईल का" असं लिहिलंत तर पाच मिनिटांत पेस्ट कंट्रोलचे आठ नंबर येतील.